चुकल्यावर गेम काय करतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘सुट्टीत मुलांच्या हाती कोणते शैक्षणिक गेम द्याल?’ अशा मथळ्याखाली दहा गेमची यादी आली. मंगळवारपासून ती यादी माझ्या दुकानात यायला लागली. बार्शीत एस.टी. स्टँडजवळ माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, दहा बाय बाराचं. लोक पेपरचं कात्रण काउंटरवर ठेवतात, शेजारी घरातला जुना फोन ठेवतात आणि म्हणतात, ‘दादा, यातलं सगळं टाकून द्या, पोरगं तेवढंच गप बसंल.’ शनिवारपर्यंत अकरा जण येऊन गेले. अकराही जणांना मी जरा थांबा म्हणालो. का म्हणालो, ते लिहितो.

आधी माझं पाप सांगतो. लॉकडाऊनमध्ये शाळा मोबाइलवर आली, तेव्हा मी दुकानाबाहेर पाटी लावली होती : ‘मुलांसाठी अभ्यासाचे २० गेम, फक्त ५० रुपये’. गेम सगळे फुकटचेच, पैसे ते फोनमध्ये टाकून देण्याचे. प्ले स्टोअरमध्ये ‘किड्स लर्निंग’ लिहून शोधायचं, ज्याला चारच्या वर तारे दिसतील ते धडाधड उतरवायचे. एकही गेम मी स्वतः पाच मिनिटं खेळून बघितला नव्हता. त्यातला एखादा चांगला निघाला असेल तर तो त्या पोराच्या नशिबाने. दीड वर्ष हा धंदा चालला. पाटी उतरवायला लावली माझ्या आईने.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं शिक्षिका होती, बहुतेक काळ पहिली-दुसरीवर. निवृत्तीनंतर ती संध्याकाळी दुकानात येऊन बसते. गिऱ्हाइकांपैकी निम्मे तिच्या हाताखालून गेलेले. ‘बाई, बऱ्या आहात का’ म्हणत आधी तिच्याकडे वळतात, मग माझ्याकडे. एका संध्याकाळी लाइट गेली होती आणि काम ठप्प होतं. माझी मुलगी फोनवर गेम खेळत बसली होती. आई म्हणाली, ‘आण बघू, काय अभ्यास चाललाय.’

गेम वजाबाकीचा होता. वर १३ – ५, खाली चार फुगे : ९, १२, ७, ८. आईने मुद्दाम ९ चा फुगा फोडला. भोंगा वाजला. १२ चा फोडला, पुन्हा भोंगा. ७ चा, पुन्हा भोंगा. उरला ८. तो फोडल्याबरोबर पडदाभर चांदण्या, टाळ्या, ‘एक्सलंट!’ आणि ५० नाणी. आईने चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. ‘तीनदा चुकून ५० नाणी? यात पोरगी काय शिकली? बोटं शिकली.’

त्या आठवड्यात माझ्या मुलीकडे चार हजारांवर नाणी जमली होती. मी तिला तोंडी विचारलं, तेरातून पाच गेले, राहिले किती? ती माझ्याकडे बघून म्हणाली, ‘ऑप्शन कुठले आहेत?’

त्या रात्री जेवताना आईने मला जे सांगितलं ते मी कुठल्याही यादीत वाचलेलं नाही. ९ म्हणणारं पोर आणि १२ म्हणणारं पोर सारखं चुकत नाही, असं तिचं म्हणणं. ९ म्हणणारं पोर तेराला धरून उलटं मोजतं : तेरा, बारा, अकरा, दहा, नऊ. पाच आकडे झाले, म्हणून नऊ. त्याला वजाबाकी कळली आहे, मोजायला कुठून सुरुवात करायची एवढंच चुकलंय. त्याला १३ चिंचोके द्यायचे आणि पाच बाजूला काढायला लावायचे, मिनिटात उमगतं. १२ म्हणणारं पोर मात्र उभी मांडणी करून बसलेलं असतं. तीनातून पाच जात नाहीत, मग ते पाचातून तीन काढतं आणि दशकाचा एक तसाच खाली उतरवतं. त्याला हातचा कळलेलाच नाही. त्याच्यासाठी काड्यांचा गठ्ठा सोडून दाखवावा लागतो, दहाच्या दहा सुट्ट्या काड्या त्याच्यापुढे पडाव्या लागतात. एकाच गणितात दोन आजार, दोन औषधं. आणि गेमकडे दोघांना एकच भोंगा.

तेव्हापासून आमच्या दुकानात एक रीत पडली. कोणी मुलासाठी गेम मागितला की आधी आई तो दहा मिनिटं खेळते आणि मुद्दाम चुकते. बरोबर उत्तराला सगळेच गेम छान वागतात. चुकल्यावर कोण कसा वागतो, यावर तिची पसंती. एका गेममध्ये चुकलं की भूत ओरडायचं. माझा चार वर्षांचा भाचा मुद्दाम चुकायचा, कारण भूत त्याला आवडायचं. एकात चुकलं की गेम नुसताच पुढच्या प्रश्नावर जायचा, जणू काही झालंच नाही. बऱ्याच गेममध्ये तीन बदाम असतात. तीनदा चुकलं की बदाम संपले. मग अर्धा तास थांबा, नाहीतर ३० सेकंदांची जाहिरात बघा आणि एक बदाम कमवा. या प्रकारावर आई काही बोलली नाही, मीच दुकानदार म्हणून हिशेब केला. ज्या पोराला गणित येत नाही ते जास्त चुकणार, जास्त चुकणारं जास्त जाहिराती बघणार, म्हणजे कच्चं पोर हे त्यांचं सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक. त्याला गणित आलं तर यांचा धंदा बसणार. असा गेम तुमच्या पोराला शिकवेल कशाला?

पास झालेले गेम थोडे आहेत, पण आहेत. त्यातला पहिला मला आठवला तो जुन्या कामावरून. एका शाळेच्या लॅबमध्ये लिनक्सवरचे (विंडोजऐवजी चालणारी फुकट यंत्रणा) कॉम्प्युटर बसवताना मी ‘जीकॉम्प्री’ बघितला होता. २००० साली एका फ्रेंच प्रोग्रामरने तो सुरू केला. नाव फ्रेंचमधल्या ‘मला समजलं’ या अर्थाच्या शब्दांवरून आलंय. आता तो ‘केडीई’ नावाच्या मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांच्या, म्हणजे कुणीही वापरावं-बदलावं असं सॉफ्टवेअर करणाऱ्यांच्या, घरातला आहे. दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी शंभराहून जास्त खेळ, जाहिरात एक नाही, नेट लागत नाही. दिसायला जरा जुनाट, हे खरं. पण त्यात तराजूचा एक खेळ आहे : एका पारड्यात वस्तू, आणि खाली वजनं, ती उचलून ठेवायची आणि काटा मध्ये आणायचा. आईने मुद्दाम जास्तीचं वजन टाकलं. भोंगा नाही, भूत नाही. पारडं खाली गेलं, एवढंच. ती हसली. म्हणाली, ‘हे बरं. जास्त झालं की कमी झालं, ते पारडंच सांगतंय.’ आमच्या गल्लीतली पोरं आडतीवर ज्वारीची मापं बघत वाढलीत, त्यांना हा खेळ शिकवावा लागला नाही. माझ्या भाच्याने तिसऱ्या डावात स्वतःच ओळखलं की पाचचं एक वजन आणि दोन-दोन-एकची तीन वजनं सारखीच.

दुसरा ‘स्क्रॅच ज्युनिअर’. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाने आणि एमआयटीच्या मीडिया लॅबने मिळून आणला, पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी, फुकट. त्यात प्रश्नच नाहीत. चित्रांचे ठोकळे जोडायचे आणि मांजराला चालवायचं. मांजर पडद्याबाहेर गेलं तर का गेलं, हे पोर स्वतःच शोधत बसतं. वाचता न येणाऱ्यालाही जमतं, म्हणून भाषेचा प्रश्न येत नाही. ‘खान अकॅडमी किड्स’ही चांगला आहे, जाहिराती नाहीत, पैसे मागत नाही, पण आवाज इंग्रजीत, आणि झेडपीच्या शाळेतल्या पहिलीच्या पोराला तो आवाज म्हणजे नुसती गाणी.

इथून पुढे मला जरा राग येतो, सांभाळून घ्या.

‘मराठीतून शिका’ असं लिहिलेले गेम आई उघडते आणि पहिल्या पाच मिनिटांत मिटवते. मुळाक्षरांच्या एका गेममध्ये ‘ळ’ नव्हताच. हिंदीचा गेम घेतला, वर मराठी नाव डकवलं, की ‘ळ’ कुठून येणार? त्यात ‘बाळ’ नाही, ‘केळं’ नाही, ‘शाळा’सुद्धा नाही. दुसऱ्यात ‘ज्ञ’ होता, पण आवाज म्हणाला ‘ग्य’. ज्ञानेश्वरांचा ‘ग्यानेश्वर’ झालेला ऐकून आईने फोन माझ्या हातात असा दिला, जसा मीच तो आवाज काढला होता. ‘चमचा’ आणि ‘चहा’ यांतले दोन ‘च’ वेगळे आहेत, हे त्या आवाजाला ठाऊक नव्हतं. चमच्याचे दोन्ही ‘च’ चहातले. ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे. मराठी लिपीची वळणं ठरवणारा शासन निर्णय २००९ साली निघाला आहे, पाठ्यपुस्तकात पोरं मराठी वळणाचा ‘ल’ गिरवतात, आणि गेममध्ये तोच ‘ल’ गिरवला तर भोंगा! बरोबर लिहिलं म्हणून चूक. याला काय म्हणायचं?

आकड्यांचं तर आणखी अवघड. त्रेपन्न म्हटलं की कानावर आधी तीन पडतात, पन्नास नंतर, म्हणून पोर ३५ लिहितं. एकोणसाठ ऐकलं की कानात राहतो साठ, आणि लिहायचे ५९. दरवर्षी वर्गातली निम्मी पोरं इथे अडायची, असं आई सांगते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं संख्यावाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, आपल्या वाचकांना आठवत असेल. विधानसभेतही विषय गाजला, विनोद झाले. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. आई तेव्हा त्यांच्या विरोधात होती. बावीसला बावीसच म्हणायचं, म्हणायची. पण हे गेम बघितल्यावर मला म्हणाली, ‘नारळीकर बाईंचं उत्तर मला पटलं नव्हतं, पण अडचण त्यांनी बरोबर ओळखली होती. या गेमवाल्यांना अडचण आहे हेच माहीत नाही.’ त्यांच्या मराठी गेममध्ये ५९ ला आवाज म्हणतो ‘उनसठ’. ज्या गेममध्ये ‘एकोणसाठ’ ऐकून पोराने दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि नऊ सुट्ट्या काड्या उचलून ठेवायच्या, असा एक गेम आम्ही दोन वर्षं शोधतोय. मिळाला नाही. तोवर दुकानाच्या मागच्या बाजूला आई खराट्याच्या काड्या आणि चार्जरच्या वायरींना लावायची रबरं घेऊन तो खेळ घेते. बॅटरी संपत नाही.

वाचनाच्या बाबतीत मात्र एक चांगली गोष्ट बघितली. २०१९ मध्ये गूगलने ‘बोलो’ नावाचं ॲप भारतात आणलं, पुढे त्याचं नाव ‘रीड अलाँग’ झालं आणि त्यात मराठी गोष्टीही आल्या. पोर मोठ्याने वाचतं, दिया नावाची मुलगी ऐकते, आणि अडलेल्या शब्दावर बोट ठेवलं की तो वाचून दाखवते. माझी मुलगी जोडाक्षरं त्यावर वाचायला शिकली. आई म्हणाली, ‘अडल्यावर हात देतंय, चालेल.’ तिच्याकडून ‘चालेल’ म्हणजे पहिल्या नंबरात पास.

आता माझ्या कामाचं. मागच्या महिन्यात एक ट्रॅक्टरवाले मुलाचा फोन घेऊन आले, हँग होतो म्हणून. त्यात ४३ गेम होते. बाप म्हणतो मी टाकले नाहीत, पोर म्हणतं मी टाकले नाहीत. दोघंही खरं बोलत होते. मुळात एकच गेम टाकलेला, रंग भरायचा. त्यातल्या जाहिरातीचा बंद करायचा क्रॉस तांदळाच्या दाण्याएवढा, आणि सहा वर्षांच्या पोराचं बोट तांदळाच्या दाण्यावर बसत नाही. ते जाहिरातीवर पडतं, प्ले स्टोअर उघडतं, हिरवं बटण दिसतं, पोर दाबतं. एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा. आणि जाहिराती कसल्या? कर्जाच्या ॲपच्या. कारण फोन बापाच्या गूगल खात्यावर चालू होता. गेमला वाटतंय, ३८ वर्षांचा माणूस फुलपाखराला रंग देत बसलाय. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला मनाई आहे, पण पोर आहे हेच कळलं नाही तर तो कायदा कुणाला लावायचा? म्हणून मुलाच्या हातात जाणाऱ्या फोनवर मुलाचं खातं काढावं, ‘फॅमिली लिंक’ या गूगलच्या पालकांसाठीच्या ॲपने आपल्याशी जोडावं. वीस मिनिटांचं काम आहे, मी त्याचे पैसे घेत नाही. आणि गेम उतरवण्याआधी नावाखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं तेही वाचावं : जाहिराती आहेत, ॲपमध्ये खरेदी आहे. ताऱ्यांपेक्षा त्या दोन ओळी जास्त खऱ्या.

पैशांचं एक सांगितलंच पाहिजे, कारण आपल्या यादीत ‘मोफत चाचणी’ असा शब्द दोन ठिकाणी आहे. आमच्या आळीतल्या एका शिंपीकाकांच्या खात्यातून १,४९९ रुपये गेले. नातीसाठी इंग्रजी शिकवणारा गेम घेतला होता, सात दिवस एक रुपयात. तो एक रुपया भरताना त्यांनीच यूपीआयचा पिन टाकला, आणि त्याच पिनने वर्षाच्या वर्गणीच्या ऑटोपेला, म्हणजे पैसे आपोआप कापून घ्यायला, परवानगी गेली. चार दिवसांनी नात कंटाळली, काकांनी गेम काढून टाकला आणि विषय संपला असं समजले. पैसे कापायच्या आदल्या दिवशी मेसेज आला होता, इंग्रजीत. काकांनी कंपनीची जाहिरात समजून पुसला. गेम फोनमधून काढला तरी वर्गणी बंद होत नाही, एवढी एक ओळ आपण पुरवणीत ठळक अक्षरांत छापली तर फार उपकार होतील. प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर दाबून सदस्यत्वं बघायची, आणि यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे उघडून तिथूनही रद्द करायचं. दोन्हीकडे. काकांना मी हे दाखवलं तेव्हा तिथे आणखी एक वर्गणी चालू निघाली, दरमहा ९९ ची. ती कशाची, हे आजवर कुणाला आठवलेलं नाही.

किती वेळ खेळू द्यायचं, हे मला रोज विचारतात. त्यावर बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सांगून ठेवलंय : दोन वर्षांखाली पडदा नाहीच, पाचपर्यंत मोठ्यांच्या देखत फार तर तासभर, दहापर्यंत सगळं मिळून दोन तासांच्या आत. मी मोबाइल विकणारा माणूस, यावर जास्त बोललो तर लोक हसतील.

आता आपल्या यादीबद्दल. दहापैकी सहा गेम आई आणि मी या आठवड्यात खेळून बघितले. दोन खरोखर बरे आहेत. एकात तिसऱ्या पायरीनंतर कुलूप लागतं आणि पैसे मागतात. एक नेट बंद केलं की उघडतच नाही. रंग ओळखायला नेट कशाला हवं, ते त्यांनाच ठाऊक. एक बदामवाला. आणि पाचव्या क्रमांकावर ज्याला ‘मराठी मुलांसाठी उत्तम’ म्हटलंय, त्यात ‘ळ’ नाही. यादी करणाऱ्याने तो उघडून बघितला असता तर हे पहिल्या मिनिटाला दिसलं असतं. रागावू नका, मीही २० गेम न उघडताच विकले आहेत, म्हणून ओळखू येतं.

पुढच्या वेळी अशी यादी छापाल तेव्हा प्रत्येक गेमपुढे एवढं लिहा : आवाज कोणत्या भाषेत, नेटशिवाय चालतो का, पैसे कधी मागतो, आणि मूल चुकलं की काय करतो. शेवटचं नुसतं वर्णन वाचून कळणार नाही. त्यासाठी खेळून चुकावं लागेल. आपल्या लेखकांना वेळ नसेल तर आई तयार आहे, संध्याकाळी सहा ते साडेआठ. सोमवारी दुकान बंद असतं.

आपला,
एक मोबाइल दुकानदार,
बार्शी, जि. सोलापूर